देविदास राठोडचं चौथं पान

देविदास राठोड नेमकं काय काम करतो, हे सेनगाव तालुक्यात एकालाही धड सांगता येत नाही, आणि सांगत बसायचा नाद खुद्द देविदासनंही कधीचाच सोडला आहे. पुण्याच्या एका कंपनीत तो सोळा वर्षं नोकरीला आहे. कंपनी लोकांना वेबसाइटी बनवून देते. त्या बनवणारे दुसरे. बनून झाली की ती देविदासकडे येते आणि देविदास ती पाडून पाहतो. म्हणजे संगणकात हजारो खोटी माणसं तयार करतो, त्यांना खोटी नावं आणि खोटे मोबाइल नंबर देतो, आणि सगळ्यांना एकाच वेळी एकच बटण दाबायला लावतो. शंभरांनी दाबलं तर काय होतं, हजारांनी दाबलं तर काय होतं, आणि किती माणसं झाली की साइट मान टाकते, हे तो लिहून ठेवतो. या कामाला लोड टेस्टिंग म्हणतात. त्याची आई जिवनबाई, जिला तो बंजारा तांड्याच्या रीतीनं याडी म्हणतो, तिला त्यानं एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, की म्हणजे दुसऱ्यानं केलेलं मोडायचा पगार मिळतो होय तुला. देविदास त्यावर हसला होता, आणि नंतर त्याच्या लक्षात आलं की इतक्या नेमक्या शब्दांत कंपनीतही कोणाला सांगता आलं नव्हतं.

मोडायचं काम तसं वाईट नाही. माणूस त्यानं थकत नाही. देविदास थकला होता तो लिहिण्यानं. त्याच्या प्रत्येक अहवालाला चार पानं असत. पहिल्या पानावर पास की नापास. दुसऱ्यावर आकडे, तिसऱ्यावर आलेख. चौथ्या पानावर निरीक्षणं, म्हणजे देविदासला स्वतःला काय वाटतं ते. कंपनीतली वरची मंडळी पहिलं पान वाचत आणि फाइल बंद करत. एका विद्यापीठाच्या निकालाची साइट निकालाच्या दिवशी आडवी झाली, तेव्हा देविदासला बोलावून विचारलं, की तुमच्या टेस्टिंगमध्ये हे कसं दिसलं नाही. देविदासनं आपलाच जुना अहवाल पुन्हा पाठवून दिला. चौथ्या पानावर तेच लिहिलेलं होतं, तारीख-वेळेसकट. त्यावर कोणी उत्तरही दिलं नाही. असं एकदा झालं असतं तर राग आला असता. सात-आठ वेळा झाल्यावर रागही येईनासा होतो. नुसता कंटाळा उरतो, आणि कंटाळ्याबरोबर एक पक्की समजूत येऊन बसते, की आपण लिहायचं आणि ते पडायचंच.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. याडी तांड्यावर एकटी राहिली आणि तिला दिसेनासं होत चाललं, म्हणून देविदासनं घरून काम करायची परवानगी मागून घेतली. बायको संगिता आणि लेक पुण्यातच राहिल्या, लेकीची दहावी होती. तांड्यावर मोबाइलची रेंज बाभळीच्या झाडाखाली उभं राहिलं तर येते, नाहीतर नाही. त्यामुळे त्यानं सेनगावात बसस्टँडजवळ, नासेरभाईच्या झेरॉक्स आणि ऑनलाइनच्या दुकानाच्या वर, एक खोली भाड्यानं घेतली. सकाळी मोटरसायकलवर सहा किलोमीटर यायचं, दिवसभर खोट्या माणसांकडून बटणं दाबून घ्यायची, आणि दिवस मावळायला परत जायचं. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याच्या चालण्यात साठीच्या माणसाचा जडपणा आला होता. हे त्याला नासेरभाईनंच सांगितलं. आपल्याला ते कळलंही नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं नाही.

या आश्विनात कंपनीकडे एक काम आलं. एका नेत्रसेवा न्यासानं हिंगोली जिल्ह्यात मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांचं मोठं शिबिर ठरवलं होतं. गाडी घरापर्यंत येणार, म्हाताऱ्याला नेणार, डोळा करून परत आणून सोडणार. जागा दीड हजार. रांगा नकोत, चेंगराचेंगरी नको, म्हणून नोंदणी सगळी ऑनलाइन, सोमवारी सकाळी दहाला सुरू. मोबाइलवर नंबर येणार, तो टाकला की टोकन मिळणार. देविदासनं कागद वाचला आणि पहिल्यांदाच असं झालं, की त्याच्या हातातल्या कामात त्याच्या घरचं माणूस होतं.

एकट्या याडीचा प्रश्न नव्हता. तांड्यावर डोळ्यांत पडदा आलेली तेवीस म्हातारी माणसं होती. दिवाळी झाली की तांड्यातले धडधाकट सगळे ऊसतोडीला जातात, ते चैत्रातच परततात. मागं राहतात म्हातारी आणि त्यांच्या भरवशावर टाकलेली लहान लेकरं. दिसत नसलेल्या म्हातारीनं रांगतं लेकरू सांभाळायचं, चूल पेटवायची, शेरडं सोडायची. डोळे करायचे तर दिवाळीच्या आतच, कारण ऑपरेशननंतर उशाशी बसायला माणूस तेव्हाच घरात असतो. शिबिर ऐन त्याच वेळी होतं. तांड्याचा नायक खेमा राठोड, नात्यानं देविदासचा काका, यानं ते ऐकलं आणि तेवीस नावं बोटांवर मोजून पाठ करून टाकली.

न्यासाच्या करारात लिहिलं होतं, की एका वेळी पाचशे माणसं येतील असं धरावं. कोण्या शहाण्यानं दीड हजार टोकनं दिवसाच्या तासांवर सारखी वाटून, वर बरीच भर घालून हा आकडा काढला होता. देविदासनं पाचशे खोटी माणसं सोडली. साइट मजेत चालली. दोन हजार सोडली, तर एकेका बटणाला चाळीस सेकंद लागायला लागले. साडेतीन हजारांवर साइट बंद.

इथंच दुसरा कोणी असता तर पहिल्या पानावर पास लिहून मोकळा झाला असता, कारण करार पाचशेचाच होता. पण देविदासला आपली माणसं माहीत होती. इकडे कोणी एकेकटा, आपल्या सवडीनं, दुपारी चहा पिता पिता फॉर्म भरत नाही. तांड्यात तर नायक दिवस सांगतो आणि सगळे एकदम निघतात. मतदार कार्ड असो, आधार असो, लस असो, पुढं कोणी जात नाही आणि मागं कोणी राहत नाही. गावांमध्येही थोड्या फरकानं हीच तऱ्हा. मग सगळे नासेरभाईसारख्याच्या दुकानात जमतात, तिथं एकाच संगणकावर दहा खिडक्या उघडल्या जातात, बाहेर प्रत्येकाच्या हातात एकेक मोबाइल असतो, आणि चक्र फिरताना दिसलं की प्रत्येक जण बटण पुन्हा दाबतो, म्हणजे एक माणूस पाच माणसांएवढा होतो. देविदासनं आपली खोटी माणसं तशीच वागायला शिकवली. दहाच्या आधी शुकशुकाट, आणि दहाच्या ठोक्याला सहा हजार. साइट अडीच मिनिटांत पडली. त्यानं तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा पडली.

शुक्रवारी त्यानं पुण्याला फोन केला. या कामाचा प्रमुख कुलदीप नावाचा तिशीतला मुलगा होता. मुलगा चांगला, आदबीनं बोलणारा, पण घाईत असलेला. देविदासनं सांगितलं की पास लिहायला माझा हात धजत नाही. कुलदीपनं सांगितलं, की करारात पाचशे आहे, पाचशेला चालतं, तर पहिल्या पानावर पासच लिहावं लागेल, बाकी तुमचं जे असेल ते निरीक्षणांत घाला. देविदासनं वाद घातला नाही. वाद घालायला आपलं कोणी ऐकेल असं थोडंतरी वाटावं लागतं. त्यानं पहिल्या पानावर पास लिहिलं, चौथं पान नेहमीपेक्षा मोठं लिहिलं, आपली सगळी स्क्रिप्ट, म्हणजे ती खोटी माणसं चालवणारा कोड, सोबत जोडली, आणि फाइल पाठवून खाली नासेरभाईकडे चहा प्यायला गेला.

चौथं पान कोणी वाचणार नाही, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. मग त्याच्या डोक्यात आलं, की साइट वाचवता येत नसेल तर निदान तांडा वाचवू.

शनिवारी दिवेलागणीला तो खेमा नायकाच्या अंगणात गेला. सोयाबीनची काढणी चालू होती, माणसं धुळीनं भरलेली, बोलायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. तांड्यात बोलणं गोरमाटी या बंजारा बोलीत चालतं, इथं ते आसपासच्या मराठीत सांगितलं आहे. देविदासनं सरळ मुद्दा मांडला. सोमवारी दहाला कोणी जायचं नाही. दहाला सगळा जिल्हा बटण दाबेल आणि साइट बसेल. दुरुस्तीला दोन तास लागतात, आजवर दरवेळी तेवढेच लागले आहेत. तोवर दुसऱ्या गावांची माणसं कंटाळून कामाला निघून जातात. आपण बाराला जायचं. तेव्हा वाट मोकळी असेल, आणि काढणीचा अर्धा दिवसही वाया जाणार नाही.

वसराम नावाचा सत्तरीचा म्हातारा बाजेवर बसून होता. त्याचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते. तो म्हणाला, की आपण दहालाच जाऊन बसू, बंद पडलं तर पडलं, बसायला काय पैसे पडतात. दोघा-तिघांनी मान डोलावली. खेमा मात्र देविदासकडे पाहत राहिला.

"आपला तांडा आजवर कुठंबी मागून गेला न्हाई," तो म्हणाला. "तुला पक्कं म्हाईत हाय का?"

"सोळा वर्षं झाली काका, मी हेच करून राहिलो," देविदास म्हणाला. "पडणार म्हंजे पडणार."

खेमानं थोडा वेळ विचार केला. मग तो सगळ्यांना म्हणाला, की ज्याला त्यातलं कळतं तो सांगून राहिला, तर आपण त्याचं ऐकायचं. सोमवारी साडेअकराला जीप. कोणी पुढं जायचं नाही. नायकानं सांगितलं म्हणजे सांगितलं. देविदासला घरी जाताना बरं वाटलं. कोणीतरी आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याप्रमाणे ठरवलं, असं त्याच्या नोकरीत घडल्याचं त्याला आठवत नव्हतं. याडीचं टोकन तो स्वतः दहाला काढू शकला असता, मोबाइल तर हातातच होता. पण तांड्याला बाराला या म्हणायचं आणि आपल्या आईचा नंबर दहाला लावायचा, हे त्याला शोभलं नसतं, आणि याडीलाही ते चाललं नसतं.

सोमवारी पावणेदहाला तो खोलीत येऊन बसला. पुण्याहून कुलदीप आणि न्यासाची दोन माणसं फोनवर जोडलेली होती. खाली नासेरभाईच्या दुकानासमोर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. समोरच्या पडद्यावर साइटची नाडी दाखवणारी रेघ होती, आणि कोपऱ्यात किती टोकनं गेली त्याचा आकडा.

दहा वाजले. रेघ ताडकन वर चढली. पाच हजार आठशे माणसं एकदम. आपला अंदाज दोनशेनं चुकला, एवढंच देविदासच्या मनात आलं. आता अडीच मिनिटं. त्यानं घड्याळ पाहिलं. एकेका बटणाला चार सेकंद लागत होते. दोन मिनिटं झाली, अडीच झाली, तीन झाली. चाराचे तीन सेकंद झाले, तिनाचे दोन. देविदासला वाटलं, पडण्याआधी कधी कधी अशी उसंत येते. त्यानं तसं पूर्वी पाहिलेलं होतं. तो वाट पाहत राहिला. पाच मिनिटं झाली. आता पडेल. दहा मिनिटं झाली. कोपऱ्यातला आकडा पाचशेच्या पुढं गेला, तो त्याला दिसत होता, पण त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याचं सगळं लक्ष रेघेवर होतं. ती कधी कोसळते, एवढंच तो पाहत होता. सोळा वर्षं ज्यानं पडण्याचीच वाट पाहिली, त्याला उभं राहिलेलं दिसतच नव्हतं. वीस मिनिटं झाली.

पंचविसाव्या मिनिटाला कुलदीप फोनवर बोलला. त्याचा आवाज अगदी उजळला होता.

"देविदास सर, हे सगळं तुमच्यामुळे. शुक्रवारी रात्री मी तुमचं चौथं पान वाचलं आणि मला झोपच लागली नाही. शनिवारी सर्व्हर चौपट केले, तुमचीच स्क्रिप्ट परत चालवली. साडेसात हजारांपर्यंत टिकलं. सुट्टीच्या दिवशी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून फोन नाही केला."

न्यासाचा माणूस काहीतरी कौतुकाचं बोलला. देविदासला ते ऐकू आलं नाही. त्याची नजर पहिल्यांदा कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली होती. अकराशे नव्वद.

त्यानं खेमाला फोन लावला. खेमा शेतात होता, आणि शेतात रेंज नाही. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. फोनमधली तीच बाई तेच सांगत होती, की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती. तो जिना उतरून नासेरभाईकडे धावला. त्याला कळत नव्हतं की नासेरभाईला सांगायचं तरी काय. टोकनासाठी म्हाताऱ्यांचे नंबर हवेत, ते ज्या मोबाइलवर येणार ते मोबाइल पोरांच्या खिशात, आणि पोरं सोयाबीनच्या रानात. नासेरभाईनं पडद्यावरच्या खिडक्यांतून मान वर काढून, आज साइट कशी मक्खन चालते आहे ते सांगितलं, आणि विचारलं, तांडेवाले अजून काहून आले न्हाईत, मी तर त्यांच्यासाठी एक संगणक सकाळपासून मोकळा ठेवलाय. देविदास मोटरसायकलवर बसला, आणि किल्ली लावून तसाच बसून राहिला. जायला वीस मिनिटं, माणसं गोळा करायला अर्धा तास, यायला वीस. आकडेमोड त्याला नेहमीच चांगली जमायची. दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी नासेरभाईनं आतून हाक देऊन सांगितलं, की खलास, पूर्ण भरलं.

जीप सव्वाअकरालाच आली. वेळ चुकू नये म्हणून खेमानं घाई केली होती. काढणी तशीच टाकून पोरं आली होती, आणि म्हाताऱ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. याडी पुढच्या सीटवर होती. तिनं पेटीतली सणाची ओढणी काढली होती. पोरांनी एकेकाला हाताला धरून खाली उतरवलं, आणि तेवीस जण दुकानाच्या सावलीला भिंतीला पाठ लावून ओळीनं बसले.

देविदासनं खेमाला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं सांगून टाकलं, की टोकनं संपली, साइट पडली नाही, माझं चुकलं.

कोणी शिवी दिली असती तर देविदासला सोपं गेलं असतं.

"म्हंजे चाललं ते," खेमा शेवटी म्हणाला. "बाकीच्या गावायचं समद्यायचं झालं?"

"झालं, काका."

"मंग तुझं काम तर चांगलं झालं म्हणायचं."

त्यात टोमणा नव्हता. खेमाला टोमणा मारता येतच नाही, आणि म्हणूनच ते देविदासला सोसलं नाही. तो घाईघाईनं बोलू लागला, की न्यासाचं पुढचं शिबिर पौषात आहे, तेव्हा मी दहाला स्वतः बसेन, सगळ्यांची टोकनं मी काढेन, एकही मागं राहू देणार नाही.

"टोकन काढशील," खेमा म्हणाला. "पण पौषात समदे पोरं कारखान्यावर असतील. डोळा केल्यावर एकेका म्हाताऱ्यापाशी आठ-आठ दिस माणूस लागतं. थेंब टाकायला, जेवाया घालायला, रातचं उठवायला. लेकरं येगळीच. तू एकटा. किती जणायला पुरशील?"

देविदासनं विचार केला. कामावर करतो तसाच प्रामाणिकपणे केला. नोकरी, सहा किलोमीटर, एक मोटरसायकल, दोन हात.

"दोघायला," तो म्हणाला. "लई झालं तर तिघायला."

खेमानं मान हलवली आणि भिंतीकडच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली. वसरामला पहिलं न्यायचं, तो म्हणाला, त्याला आता भाकरीसुद्धा चाचपून घ्यावी लागते. मग रामकोरबाई, तिच्या जिवावर तीन लेकरं टाकून जातात. तिसरं नाव घ्यायला तो थांबला, आणि त्याची नजर जिवनबाईवर येऊन टेकली. जिवनबाईला ते दिसलं नाही, पण तिला कळलं.

"माझं राहू दे," ती म्हणाली. "मला अजून उजेड कळतो."

देविदास काहीतरी बोलेल म्हणून खेमा वाट पाहत होता. देविदासला नाही म्हणायचं होतं. पण ओळीत अजून वीस जण बसलेले होते आणि सगळे ऐकत होते, त्यामुळे तो खाली मान घालून गप्प राहिला. मग खेमानं तिसरं नाव दुसऱ्याच एका म्हातारीचं घेतलं, आणि पोरांनी एकेकाला हाताला धरून पुन्हा जीपमध्ये चढवायला सुरुवात केली.